पाच मोजेपर्यंत

सुनेने नवऱ्याला टाचणी टोचली. एकदा नाही, चारदा. आणि तीही कुठे, तर चारचौघांत. गालिचेवाला समोर बाकावर बसून चहा पीत होता, कामगार लंबू रंगाची कढई काठीने ढवळायची थांबवून बघत होता, आणि ही बाई नवऱ्याच्या खुर्चीपाशी उकिडवी बसून त्याच्या पावलाला, पोटरीला, मनगटाला टाचणी लावत होती.

"हे कळतंय? हे? डोळे मिटा, फसवू नका."

आणि चाळिशीला टेकलेला तो घोडा डोळे मिटून हसत होता. "नाही बुवा. टोचलीस, की नुसतं बोट लावलंस?"

मोठीबाईंनी हे सगळं गोदामाच्या दारातून पाहिलं. त्यांच्या हातात लोकरीच्या लडी होत्या, नाहीतर त्यांनी तिथल्या तिथे काहीतरी उचलून आपटलं असतं. गालिचेवाला जाईपर्यंत त्या गप्प राहिल्या. गिऱ्हाइकासमोर घरचं भांडण काढायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला होता. तो उठला तेव्हा मात्र जाता जाता बोललाच.

"मोठीबाई, यंदाचा लाल जरा थकल्यासारखा वाटतो. कढईवर कोण असतं हल्ली?"

"मी असते."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. आजाऱ्याला बघायला आलेला माणूस निघताना म्हणतो ना, तसं. "चाळीस लडी ठेवून जातो. मोठा गालिचा आहे. ह्याचा लाल कसा उतरतो बघू, मग पुढचं."

पुढचं म्हणजे वर्षाचं सगळं काम. ते त्याने बोलून दाखवलं नाही, आणि मोठीबाईंना ऐकायची गरजही नव्हती.

त्याची पाठ फिरली तशा त्या सुनेकडे वळल्या. "टाचणी कशाला?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आई. दर आठवड्याला बघायचं, कुठपर्यंत कळतं, कुठून कळत नाही."

"गिऱ्हाइकासमोर?"

"त्यांनीच विचारलं, आता कसं आहे म्हणून. हेच म्हणाले, दाखव ना."

"उद्या कोणी विचारेल पोट कसं आहे, तर चिरून दाखवशील."

सुनेने टाचणी डबीत ठेवून झाकण लावलं. तिचं गप्प बसणं उलट बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं असा मोठीबाईंचा पक्का समज होता.

सात महिन्यांपूर्वी मुलगा गच्चीवर ओल्या लडी वाळत घालत होता. शिडीचा पाय सरकला. लडी अडकवायला भिंतीत लोखंडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. पाठमोरा पडताना त्यातली एक त्याच्या मानेत मागून शिरली, मधल्या रेषेपासून जेमतेम अर्धं बोट उजवीकडे. रक्त आलं ते एका रुमालात मावलं. पण उजवा हात आणि उजवा पाय जागच्या जागी पडले. दवाखान्यात दोन महिने गेले. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन फरफटत का होईना. हात मात्र छातीपर्यंतच उचलला जायचा, तोही डोळ्यांसमोर असेल तरच. नजर हटली की तो हात कुठे आहे हे त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. जेवताना तो शेजारच्याच्या ताटात जाऊन बसायचा आणि हा टेबलाखाली बघायचा.

डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बोलावून सगळं समजावून सांगितलं, त्या दिवशी मोठीबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या होत्या. कालच्या पोरीने आपल्याला आपल्याच मुलाचं काय सांगायचं? सुनेने घरी येऊन सांगितलं ते त्यांनी अर्ध्या कानाने ऐकलं. उजवी बाजू गेली, डावी शाबूत आहे, एवढं त्यांनी उचललं. शाळेत त्या दोनच इयत्ता गेल्या असल्या तरी डावं-उजवं त्यांना कळत होतं.

पण पुढे एकेक गोष्ट दिसायला लागली. सुरुवातीला आंघोळ त्याच घालायच्या. उजव्या पायावर तांब्या ओतला की हा कळवळायचा, "आई, केवढं कढत गं." डाव्या पायावर तेच पाणी, आणि हा गप्प. एकदा डाव्या पायाचं नख उंबऱ्याला लागून अर्धं उचकटलं, रक्ताचे ठसे स्वयंपाकघरापर्यंत उमटले आणि हा विचारतोय, लाल कोणी सांडला म्हणून. गेलेला म्हणतात तो पाय बोंबलतो आणि शाबूत आहे तो मौन धरतो. हे कसलं दुखणं? मोठीबाईंनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला. सगळे लाड आहेत. सुनेने त्याला इतकं जपलंय, की दुखायचं कुठे आणि नाही कुठे हेसुद्धा तो बायकोला विचारून ठरवतो.

त्यांच्या लोकर रंगवायच्या कारखान्यात एकच गोष्ट शिकून येत नव्हती, ती म्हणजे पाण्याचं ऊन, ते किती कढत आहे ते. रंग मोजता येतो, तुरटी तोलता येते. पण लोकर कढईत कधी सोडायची ते पाणीच सांगतं. कढईत हात मनगटापर्यंत बुडवायचा आणि मोजायचं. पाच मोजेपर्यंत हात राहिला आणि सहाव्याला आपोआप वर आला, म्हणजे पाणी तयार. दहा मोजता आले तर पाणी गार, रंग नुसता वरवर बसणार. तीनच्या आत हात उडाला तर लोकर गचडून, म्हणजे आखडून, नमद्यासारखी घट्ट होणार, मग ती देवाच्या बापालाही सोडवता यायची नाही. सुनेने मध्यंतरी काचेची नळी आणली होती, तापमान बघायची. तिसऱ्याच दिवशी लंबूची काठी लागून ती कढईत फुटली आणि तिचा एक कण गालिचेवाल्याच्या विणकरणीच्या बोटात गेला. त्यानंतर नळीचं नाव काढायची कोणाची छाती झाली नाही.

बारा वर्षांपूर्वी मोठीबाईंनी कढई मुलाच्या हाती दिली तेव्हा लोकांनी त्यांचं कौतुक केलं होतं. हातपाय चालत असताना सत्ता सोडणारी आई विरळा, असं म्हणाले होते. मोठीबाईंनी ते कौतुक मुकाट्याने घेतलं होतं. मुलगा पडल्यावर त्या पुन्हा कढईपाशी उभ्या राहिल्या, आणि सात महिने लाल थकलेला निघत होता.

तीन दिवसांनी सून गोळ्या आणायला दवाखान्यात गेली. कढईखाली जाळ लागला होता, पाण्यात लाल उतरला होता, चाळीस लडी भिजवून पिळून तयार होत्या. मुलगा नेहमीसारखा खुर्चीत बसून लंबूच्या चुका काढत होता.

"ऊठ," मोठीबाई म्हणाल्या. "कढईवर चल."

"आई, उजवा हात नाही जात तिथवर."

"उजव्याला कोण बोलावतंय? डावा धड आहे ना?"

"धड आहे. पण ती म्हणते–"

"ती काय म्हणते ते तिला सांग. चमचा डाव्याने धरतोस, दाढी डाव्याने करतोस. मग कढईतच त्याला काय धाड भरली?"

मुलगा हसला. मग त्याने काठी घेतली आणि उठला. सात महिन्यांत त्याला कोणी काही करायला सांगितलं नव्हतं. हे करू नका, ते राहू द्या, एवढंच ऐकत आला होता तो. चार पावलं चालून कढईपाशी येईस्तोवर त्याचा चेहरा असा खुलला होता, की मोठीबाईंनी मनातल्या मनात सुनेला आणखी दोन शब्द सुनावले.

त्याने डाव्या हाताची बाही दातांनी वर ओढली आणि हात पाण्यात घातला. "एक. दोन. तीन. चार. पाच." चेहऱ्यावर काही नाही. "सहा. सात. आठ. गार आहे गं. नुसतं पाणी लागतंय हाताला. लंबू, जाळ वाढव."

लंबू वीस वर्षं तिथे होता आणि वर्षातून वीसच वाक्यं बोलायचा. त्यातलं एक त्याने खर्च केलं. "वाफ बरीच दिसतेय."

"कढईवर तो आहे का तू?" मोठीबाई म्हणाल्या.

लंबूने दोन लाकडं सारली. थोड्या वेळाने मुलाने पुन्हा हात घातला. ह्या खेपेला तो दहाच्या पुढे गेला. कपाळावर आठी पडली, डोकं एका बाजूला झुकलं, जणू दूरचं काही ऐकू येतंय का बघत होता.

"आता आलं," तो म्हणाला. "सोड लडी."

लंबूने लडी सोडल्या. मुलाने हात बाहेर काढला, तो मनगटापर्यंत लालभडक झालेला. मोठीबाईंनी तो पाहिला आणि त्यांना बरं वाटलं. ह्या घरात हात कोणत्या रंगाचा आहे त्यावरून माणूस कामाला आहे की नाही ते ठरायचं. सात महिने त्याचे हात परक्यासारखे पांढरे होते.

"धू आता," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

तो नळाखाली हात धरून उभा राहिला. साबण लावला. मग चोळायला दुसरा हात नाही म्हणून पायाला घासला. "अगं, आज लाल फार चढला. जातच नाहीये." त्याने पुन्हा घासलं, आणि मनगटाजवळची कातडी दुधावरच्या सायीसारखी एका बाजूला गोळा झाली.

मोठीबाई ओरडल्या नाहीत. चहाचं भांडं खाली ठेवून त्या नळापाशी गेल्या, त्याचा हात कोपराजवळ धरला आणि धारेखाली नेला. तसाच धरून ठेवला. मागे लंबूने काठीने एक लड उचलून पाहिली. ती आखडून टणक झाली होती, दोरा दोऱ्याला चिकटलेला. त्याने एकामागून एक सगळ्या काढल्या आणि फरशीवर ठेवल्या.

"दुखत नाहीये गं," मुलगा म्हणाला. आईला धीर द्यावा म्हणून म्हणाला. मोठीबाईंनी नळ आणखी मोठा केला.

"मग आलं असं का म्हणालास?"

"किती वेळ गार गार म्हणणार? मला वाटलं, आलं असेल."

सून आली तेव्हा दोघं तसेच नळापाशी होते. तिने हात बघितला, कढई बघितली, फरशीवरच्या लडी बघितल्या.

"कोणी घालायला लावला?"

"मीच घातला," मुलगा म्हणाला.

"मी लावला," मोठीबाई म्हणाल्या.

ह्या खेपेला दवाखान्यात त्या बाहेर बसायला तयार नव्हत्या, पण पट्टी बांधताना आत कोणालाच सोडत नव्हते. दोघी बाकावर बसल्या. मग मोठीबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काय आहे ते पुन्हा सांग. नीट."

सुनेच्या पिशवीत लोकरीच्या दोऱ्याचे दोन तुकडे होते, नमुन्याचे. एक लाल, एक पांढरा. तिने ते मांडीवर उभे ठेवले.

"हे मानेपासून खाली गेलेले दोर समजा. लाल तो हलवायचा. उजव्या हातापायाला हलवणारा दोर मानेतून उजव्याच बाजूने खाली उतरतो. पांढरा तो खबरीचा. पोळलं, टोचलं, गार लागलं ही खबर डाव्या हाताकडून निघते, पाठीच्या कण्यात शिरते आणि शिरल्या शिरल्या पलीकडे जाते." तिने पांढरा दोरा लालवरून आडवा नेला. "उजवीकडून वर चढते. खुंटी उजवीकडे शिरली. दोन्ही तिथेच होते."

"म्हणजे एका खुंटीने दोन्हीकडचं तोडलं."

"उजव्याची ताकद गेली. डाव्याची खबर गेली. डाव्याला हात लागलेला कळतो, ओलं कळतं. फक्त पोळलेलं, टोचलेलं कळत नाही. म्हणून तर माणूस फसतो. पाणी लागतं आणि ऊन लागत नाही, मग वाटतं गारच आहे."

मोठीबाईंनी दोरे आपल्या हातात घेतले. एकदा आडवा नेला, एकदा सरळ केला. आयुष्यभर दोरे हाताळलेल्या बाईला हे कळायला वेळ लागला नाही.

"आणि उजव्याला पोळलेलं कळतं?"

"सगळं कळतं. फक्त आपण स्वतः कुठे आहोत ते त्याला कळत नाही."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं, आई. तुम्ही लडी मोजत होतात."

मोठीबाईंनी दोरे कमरेच्या बटव्यात टाकले आणि दार उघडण्याची वाट बघत बसल्या.

गालिचेवाल्याला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. तुझ्या चाळीस लडी गेल्या, चूक माझी, लोकर मी भरून देते, दीड महिना थांब. तो थांबला. इतक्या वर्षांत मोठीबाईंच्या तोंडून चूक हा शब्द त्याने ऐकला नव्हता, कदाचित त्यामुळेच थांबला असेल.

एके दुपारी सून झोपली होती आणि मुलगा खुर्चीत पेंगत होता. मोठीबाईंनी सुनेच्या डबीतली टाचणी काढली. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून त्या त्याच्या पायाशी बसल्या, गुडघे कुरकुरले तरी बसल्या. डाव्या तळव्याला टाचणी लावली. तो घोरत होता. जरा जोर दिला. रक्ताचा बारीक थेंब वर आला, तो घोरतच होता. त्यांनी थेंब अंगठ्याने पुसला आणि बराच वेळ तो पाय मांडीवर घेऊन बसल्या. मग उजव्या पायाला, अगदी हलकेच. खुर्चीसकट हलला तो. "आई गं. काय होतं?"

"डास होता," मोठीबाई म्हणाल्या. टाचणी त्यांनी परत डबीत ठेवली नाही.

हात भरून यायला सहा आठवडे लागले. डाव्या तळहातावर कातडी नवी आली ती चकचकीत, रेषा नसलेली. नव्या लडी भिजवल्या त्या दिवशी गालिचेवाला आपणहून येऊन बाकावर बसला. मोठीबाईंनी जाळ लावून घेतला आणि मुलाची खुर्ची कढईला चिकटवून ठेवायला सांगितली, डावी बाजू भिंतीकडे, उजवी पाण्याकडे.

सून पुढे झाली. "आई, पुन्हा नको."

"तू पंचा घेऊन उभी राहा."

त्यांनी मुलाचा उजवा हात मनगटाशी धरला. हात हलका झाला होता. रंग नखांच्या कडांतूनसुद्धा गेला होता. हा सहा वर्षांचा होता तेव्हा असाच धरून त्यांनी तो पहिल्यांदा कढईत घातला होता, आणि तेव्हा तो दोनवरच रडला होता.

"मोठ्याने मोज," त्या म्हणाल्या.

वाफेत काही दिसत नव्हतं. "हात कुठेय माझा?" त्याने विचारलं.

"माझ्या हातात."

त्यांनी तो खाली नेला. त्याच्याबरोबर त्यांचाही हात पाण्यात गेला.

"लागलं," तो म्हणाला. "एक, दोन… काढ, काढ. फार ऊन आहे."

लंबूने दोन लाकडं बाहेर ओढली. सगळे थांबले. मोठीबाईंनी हात सोडला नाही. थोड्या वेळाने पुन्हा खाली नेला.

"एक. दोन. तीन. चार. पाच." त्याचं तोंड वाकडं झालं. "बस. आलं. सोड लंबू."

लंबूने लडी सोडल्या. त्या पसरल्या, हलल्या, आणि कडेपासून आतपर्यंत एकसारखा लाल पीत गेल्या. गालिचेवाला उठून कढईत वाकला.

"झकास," तो म्हणाला. मग मोठीबाईंकडे बघून हसला. "पण तुमचाही हात होता की पाण्यात. तुम्हालाच कळलं असतं. त्या बिचाऱ्याला कशाला भाजायचं?"

मोठीबाईंनी आपले तळवे वर केले. जाड, तपकिरी, जुन्या चपलेच्या तळासारखे.

"ह्यांना काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वीच कळेनासं झालं. तुझ्या बापाच्या लडी मी गचडवल्या होत्या, त्याला सांगितलं लोकरच वाईट होती. म्हणून कढई ह्याला दिली. मोठ्या मनाने नाही दिली."

लंबूची काठी थांबली. मुलगा आईकडे बघत राहिला. गालिचेवाल्याने उगाच एक लड काठीने खाली दाबली.

"ढवळ की," मोठीबाई लंबूला म्हणाल्या.

सून पंचाने नवऱ्याचा उजवा हात टिपत होती. बोटं उलगडून प्रत्येक बोटाची बाजू बघत होती, कुठे फोड तर येत नाही ना. मोठीबाई तिच्याजवळ आल्या. त्यांनी बटव्यातून टाचणी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"ही मी चार आठवडे शोधतेय," सून म्हणाली.

"टोचलीस ते बरोबर केलंस. चारचौघांत टोचलीस ते चूक."

"तुम्हीही आत्ता चारचौघांतच सांगितलंत, आई."

"ते माझे हात होते," मोठीबाई म्हणाल्या. "माझं मी टोचून घेतलं. दुसऱ्याला टोचायचं, तर दार लोटून घ्यावं."